एका नेच्यापासून अनेक नेचे : घरच्या बागेसाठी मार्गदर्शन

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्यामुळे नव्यानं बाग करणारे बहुतेक जण असं धरून चालतात की नेचा नर्सरीतून विकतच आणायचा आणि तो गेला की दुसरा आणायचा. खरं तर थोडी सावली आणि बऱ्यापैकी ओल मिळाली तर नेचा घरच्या घरी भरपूर वाढवता येतो. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. प्रत्येक नेचा आपल्या अंगाच्या ठराविक जागेवरूनच नवं रोप देतो. कुणी मातीतल्या खोडावरून देतो, कुणी दोरीसारख्या तंतूवरून, कुणी पानाच्या टोकावरून, तर कुणी फक्त पानामागच्या भुकटीतून. ती जागा सापडली की पुढचं काम सोपं आहे.

गुलाब-जास्वंदीची सवय असलेली माणसं नेच्याचंही एक पान तोडून मातीत खोचून बघतात. ते पान चार-आठ दिवस हिरवं राहतं आणि मग सुकतं. नेच्याचं जे आपल्याला फांदीसारखं दिसतं ते सबंध एकच पान असतं. खोड खाली मातीत किंवा मातीलगत असतं. खोडाचा तुकडा सोबत नसेल तर बहुतेक नेच्यांच्या नुसत्या पानातून काही उगवत नाही.

आपल्याकडे कोणता नेचा आहे?

नर्सरीत ‘फर्न’ म्हणून मिळणाऱ्या झाडांत बोस्टन फर्न सर्वांत जास्त. लांब, झुकलेली पानं आणि दोन्ही बाजूंना ओळीनं लागलेल्या पर्णिका. त्याच कुळातला तलवारीसारख्या ताठ पानांचा नेचा जुन्या घरांच्या मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला दिसतो. काळ्या, चकचकीत, तारेसारख्या देठांचा नाजूक नेचा म्हणजे हंसराज. रुंद, अखंड पानांचा, मधोमध खोलगट असलेला तो बर्ड्‌स नेस्ट. सांबराच्या शिंगांसारखी दुभंगलेली पानं असतील तर स्टॅगहॉर्न. आंब्याच्या किंवा वडाच्या खोडाला धरून वाढणारं, खाली वाळक्या तपकिरी पानांचा झुबका आणि वर मोठी हिरवी पानं असलेलं ते बाशिंग.

एक घोटाळा इथंच टाळावा. ‘ॲस्परॅगस फर्न’ या नावानं विकलं जाणारं झाड नेचा नाही. ते शतावरीच्या जातभाईंपैकी आहे, त्याला फुलं आणि लाल किंवा काळसर फळं येतात आणि ते बियांपासून वाढतं. या लेखातलं काही त्याला लागू पडणार नाही.

आणि एक विनंती, अगदी मनापासून. आंबोली, महाबळेश्वर, कोयना किंवा कुठल्याही घाटातल्या रानातून नेचे उपटून आणू नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर ते कायद्यानंच बंद आहे. शिवाय तिथल्या धुक्याची आणि गारव्याची सवय असलेलं झाड शहरातल्या गॅलरीत बहुधा टिकत नाही, म्हणजे रानातूनही गेलं आणि घरीही राहिलं नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला गड्डा किंवा नर्सरीतली एक कुंडी सुरुवातीला पुरते.

हंगाम आणि माती

गड्डे वेगळे करायला जून ते ऑगस्ट हा काळ सोन्यासारखा. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं आणि नेचा स्वतःही वाढीच्या भरात असतो. हे काम एप्रिल-मे महिन्यांत हाती घेऊ नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर विभागलेला नेचा सावलीतही करपतो. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्यानं सप्टेंबरपर्यंत सवड मिळते.

माती हलकी हवी. दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे असं मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून ते भिजवून, पिळून, दोनदा धुऊन घ्यावं. काळी माती एकदा भिजली की चिकटून बसते आणि तिच्यात नेच्याची बारीक मुळं गुदमरतात. नर्सरीतली लाल मातीही वाळली की घट्ट होते. शेणखत पूर्ण मुरलेलं असेल तरच आणि तेही थोडं. ताज्या खतानं मुळं जळतात.

गड्डा विभागणे

नवशिक्यानं इथून सुरुवात करावी. बोस्टन फर्न, तलवारी नेचा आणि बहुतेक दाट वाढणारे नेचे असे वाढवता येतात.

१. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या. ओला गड्डा अखंड निघतो आणि मुळं कमी तुटतात.

२. कुंडी आडवी करून, कडेनं थोपटून गड्डा बाहेर काढा. पानं धरून ओढू नका.

३. वरची माती बोटांनी सैल करून कोवळी, गुंडाळलेली पानं कुठून निघतात ते पाहा. तेच वाढीचे बिंदू. गड्ड्यात असे तीन बिंदू असतील तर फार तर तीन तुकडे होतील.

४. पाव कापायची दातेरी सुरी गरम पाण्यानं धुऊन घ्या आणि दोन बिंदूंच्या मधून सरळ खाली कापा. प्रत्येक तुकड्याला खोड, मुळं आणि निदान तीन-चार पानं हवीत.

५. जुनी, फाटलेली पानं बुडातून काढून टाका. कापताना मुळं कमी झालेली असतात आणि सगळ्या पानांना पाणी पुरवणं त्यांना झेपत नाही.

६. तुकडा आधी जितका खोल होता तितकाच खोल लावा. खोडाचा शेंडा मातीखाली गाडला गेला तर तो कुजतो. नव्या लोकांचे नेचे मरतात ते बहुतेक या एका कारणानं.

७. पाणी घालून कुंडी सावलीत ठेवा. हवा कोरडी असेल तर आठ-दहा दिवस वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला.

तीन-चार आठवड्यांत मधोमध नवं गुंडाळलेलं पान दिसलं की रोप लागलं असं समजा. तोवर खत घालू नका आणि रोप हलवून बघू नका.

नर्सरीतला नाजूक हंसराजही असाच विभागता येतो, फक्त तुकडे मोठे ठेवा. त्याची सगळी पानं वाळली तरी कुंडी फेकू नका. पानं बुडापासून कापा, माती ओलसर ठेवा, खोड जिवंत असेल तर पुन्हा फुटतं.

बोस्टन फर्नचे दोरे

चांगल्या वाढलेल्या बोस्टन फर्नच्या कुंडीतून बारीक, लवदार, बिनपानाचे दोरे बाहेर लोंबताना दिसतात. पुष्कळ जण ते मुळं समजून कापून टाकतात. हे धावते खोड आहे आणि जिथं त्याला ओली माती लागते तिथं नवं रोप धरतं. शेजारी मातीनं भरलेली लहान कुंडी ठेवा, दोरा मातीवर टेकवा, वाकवलेल्या तारेच्या आकड्यानं दाबून ठेवा आणि माती ओली राखा. नव्या रोपाला तीन-चार पानं आली की आईपासूनचा दोरा कापायचा. या पद्धतीत मूळ झाडाला काही इजा होत नाही, म्हणून झाड एकच असेल तर मी गड्डा कापण्याआधी हीच पद्धत सुचवेन.

तलवारी नेच्याच्या मुळांशी कधी कधी वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गोल गाठी सापडतात. तो रोग नव्हे. झाडानं त्यांत पाणी साठवून ठेवलेलं असतं, त्या तशाच राहू द्या.

चालणारा हंसराज

कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या दरडींवर, पायवाटांच्या कडेला अर्धगोल पर्णिकांचा हंसराज उगवतो. त्याच्या पानाचा मधला देठ पुढं नुसत्या तारेसारखा वाढत जातो, टोक जमिनीला टेकतं आणि तिथं नवं रोप होतं. ते रोप मोठं झालं की त्याचंही टोक पुढं टेकतं. घरी हा नेचा असेल तर पसरट कुंडी घ्या आणि टोकं खड्यानं मातीवर दाबून ठेवा. पावसाळ्यात आणखी काही करावं लागत नाही.

पाऊस सरला की हा हंसराज पिवळा पडून वाळतो. त्याचा तो विसावा आहे. कुंडी सावलीत ठेवून अधूनमधून थोडं पाणी द्या. पहिल्या सरींबरोबर तो परत येतो.

झाडावर राहणारे नेचे

बाशिंगाचं खोड बोटाएवढं किंवा त्याहून जाड आणि तपकिरी खवल्यांनी झाकलेलं असतं. ते आडवं सरपटत वाढतं. वाढतं टोक असलेला आठ-दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्या, नारळाच्या सोडणावर किंवा खरबरीत सालीच्या लाकडावर ठेवून सुतळीनं बांधा. मातीत पुरू नका. रोज पाणी शिंपडा, पावसाळ्यात तेही नको. कोरड्या दिवसांत वरची हिरवी पानं गळतात, खालची तपकिरी पानं मात्र तशीच राहतात. त्यांच्यात साठणारा पालापाचोळा कुजून त्यावर बाशिंग पोसलं जातं. म्हणून ती वाळकी दिसतात म्हणून साफ करू नयेत.

स्टॅगहॉर्नचंही असंच. त्याची ढालीसारखी पानं तपकिरी झाली तरी काढायची नाहीत. जुन्या झाडाच्या कडेला पिल्लं येतात. पिल्लाला स्वतःची ढाल धरली आणि ते वीतभर झालं की सुरीनं ढालीच्या मागून, थोड्या मुळांसकट, अलगद सोडवा आणि फळीवर सोडणाचा काथ्या घालून बांधा.

बर्ड्‌स नेस्टची मात्र गोष्ट वेगळी. त्याला एकच गाभा असतो, विभागण्यासारखं काही नसतं. गाभ्यातून सुरी घातली तर झाड जातं. नर्सरीतल्या एकाच कुंडीत कधी कधी तीन-चार लहान रोपं दाटीनं लावलेली असतात, ती लहानपणीच सुटी करता येतात. एरवी हा नेचा वाढवायचा तर बीजाणूंपासून, म्हणजे पानामागच्या भुकटीपासून.

बीजाणूंपासून नेचे

हे काम सावकाशीचं आहे आणि माझ्या मते प्रत्येक बागप्रेमीनं एकदा तरी करावं असं आहे. पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीत जे आटोपतं ते इथं डब्यात महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर घडतं.

पानामागचे तपकिरी ठिपके किंवा रेघा म्हणजे बीजाणूंचे पुंज. बीजाणू ओल्या जागी पडला तर त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी हृदयाच्या आकाराचं, चपटं, नखाएवढं किंवा त्याहूनही लहान हिरवं पान तयार होतं. त्याच्या खालच्या बाजूला नर आणि मादी अवयव असतात. पाण्याच्या पातळ थरातून नरपेशी पोहत मादीपेशीपर्यंत जाते, आणि त्या मीलनातून आपल्या ओळखीचा नेचा उगवतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ साली हा दोन पिढ्यांचा क्रम उलगडून मांडला. बागेसाठी त्यातला धडा असा की त्या हिरव्या हृदयांवर पाणी नसेल तर ती नुसतीच पडून राहतात, नेचा येत नाही.

बंद डब्याची युक्तीही जुनी. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका झाकणबंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत एक नेचा आणि गवत आपोआप उगवलं आणि बाटलीतल्याच ओलीवर टिकून राहिलं. उघड्यावर, लंडनच्या धुरात, त्यांचे नेचे जगत नव्हते. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि पुढे अशाच पेट्यांतून चहाची रोपं चीनमधून भारतात आली. आपला मिठाईचा पारदर्शक डबा तेच काम करतो.

*बीजाणू गोळा करणे.* ठिपके हिरवट असतील तर कच्चे. गडद तपकिरी, फुगीर आणि अजून न फुटलेले असताना पानाचा तुकडा कापा. विसकटलेले, कापसासारखे झाले असतील तर बीजाणू उडून गेले आहेत. हंसराजाचे पुंज पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात, बर्ड्‌स नेस्टचे शिरांलगतच्या समांतर रेघांत, स्टॅगहॉर्नचे पानांच्या टोकांवरच्या तपकिरी पट्ट्यांत. बोस्टन फर्नच्या नर्सरीतल्या जाती बहुधा वांझ असतात, त्यांच्या नादी लागू नका.

तुकडा पालथा, म्हणजे ठिपके खाली करून, पांढऱ्या कागदावर ठेवा, कागदाची घडी घाला आणि पंख्यापासून दूर कोरड्या जागी एक-दोन दिवस राहू द्या. उघडल्यावर कागदावर मसाल्याच्या पुडीसारखी बारीक भुकटी दिसेल. तिच्यात बीजाणूंबरोबर त्यांच्या पिशव्यांचा कोंडाही असतो. कागद तिरका धरून हळूच टिचकी मारा. कोंडा भरभर घरंगळतो, बीजाणू कागदाला चिकटून मागं राहतात. कोंड्यावर बुरशी धरते, म्हणून हे दोन-तीनदा करावं.

*डबा तयार करणे.* धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं पाल्याचं खत समसमान घेऊन डब्यात दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा थर द्या. खळखळतं पाणी त्यावर अशा बेतानं ओता की सगळं भिजेल. डबा पातळ असेल तर हे काम पातेल्यात करून मग भरा. जास्तीचं पाणी निथळू द्या, झाकण ठेवून पूर्ण गार करा. मातीतल्या बुरशी, शेवाळ आणि दुसऱ्या बीजाणूंचा बंदोबस्त या पायरीवर होतो, तिचा कंटाळा करू नका.

ज्यांना मातीची चिंता नको त्यांनी विटेचा जाड तुकडा किंवा लहान मातीची कुंडी पाण्यात उकळून घ्यावी, बशीत पाणी घालून त्यात उभी करावी आणि तिच्या ओल्या पृष्ठभागावर बीजाणू टाकून वर काचेची बरणी पालथी घालावी. ओल खालून आपोआप वर चढते. जुन्या विहिरींच्या आणि वाड्यांच्या भिंतींवर नेचे उगवतात तेही असेच.

*पेरणी.* वारा नसलेल्या खोलीत कागदाला टिचकी मारत बीजाणू विरळ भुरभुरवा. दाट पडले तर सगळीच रोपं खुरटतात. वरून माती टाकू नका, कारण उगवायला उजेड लागतो. झाकण लावा, फटी चिकटपट्टीनं बंद करा, नाव आणि तारीख लिहा. डबा उत्तरेच्या खिडकीत किंवा भरपूर उजेड असलेल्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. बंद डब्यावर थेट ऊन पडलं तर आतलं सगळं शिजून जातं. वीस ते अठ्ठावीस अंश तापमान चांगलं. पावसाळ्यात वाढलेल्या नेच्यांचे बीजाणू पाऊस ओसरता पिकतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी सोयीची पडते.

*वाट पाहणे.* दोन ते सहा आठवड्यांत मातीवर हिरवी साय धरते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिच्यातून छोटी हृदयं सुटी दिसू लागतात. भिंग असेल तर आता वापरा. तोवर झाकण उघडू नका, आतली वाफ झाकणावर जमून परत खाली येत असते. हृदयं नीट दिसू लागली की उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारा, इतका की पृष्ठभागावर पाण्याचा थर दिसेल. आठवड्यातून एकदा असं दोन-तीन वेळा करा.

काही आठवड्यांनी हृदयाच्या खाचेतून एक इवलं पान उभं राहतं. ते आईच्या पानासारखं अजिबात दिसत नाही, साधं, कधी दोन-तीन खाचांचं असतं. भलतंच काही उगवलं समजून उपटू नका. अशी पानं बरीच झाली की एक सेंटीमीटरचे पुंजके दात कोरायच्या काडीनं उचलून दुसऱ्या, तशाच तयार केलेल्या डब्यात दोन-तीन सेंटीमीटर अंतरानं ठेवा. एकेक रोप सोडवण्याचा अट्टहास करू नका, मुळं फार नाजूक असतात.

पानं चार-पाच सेंटीमीटरची झाली की झाकण पहिल्या दिवशी बोटभर उघडं, मग थोडं जास्त, असं करत दोन आठवड्यांत पूर्ण काढा. त्यानंतर लहान कुंड्या. सगळं जमलं तर जूनच्या पावसाला रोपं बाहेर सावलीत ठेवण्याजोगी होतात. पुण्या-नाशकात थंडी कडक पडली तर एखाद-दोन महिने उशीर होईल.

काही बिघडलं तर

डब्यात पांढरे कापसासारखे धागे दिसले तर तो भाग चमच्यानं मातीसकट उचलून टाका आणि झाकण दिवसभर किंचित उघडं ठेवा. बुळबुळीत, गडद हिरवा थर म्हणजे शेवाळ. पाणी जास्त झालं आहे. चांगले पुंजके लगेच दुसऱ्या डब्यात हलवा, शेवाळ मागं हटत नाही.

मोठ्या नेच्याच्या पानामागं ठिपके दिसले की लोक घाबरून औषध मारतात. आधी मांडणी पाहा. ठिपके एकसारखे, शिरांच्या दोन्ही बाजूंना रांगेत असतील तर बीजाणू. वेडेवाकडे, देठावरही, नखानं खरवडल्यावर निघणारे आणि आजूबाजूला चिकट असतील तर खवले कीड. ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढावी. नेच्याची पानं कीटकनाशकांनी सहज करपतात, फवारणीची घाई नको.

पानांची टोकं तपकिरी होत असतील तर हवा कोरडी आहे किंवा पाणी जड आहे. बोअरचं पाणी देत असाल तर पावसाचं साठवलेलं पाणी देऊन पाहा. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी घालावं. बूड काळं, मऊ झालं असेल तर कुंडीत पाणी तुंबतंय. झाड काढून सडका भाग कापा आणि नव्या, हलक्या मातीत थोडं उंचावर लावा.

नव्या रोपांना पहिले दोन महिने काही खायला घालू नका. नंतर पावसाळ्यात महिन्यातून एकदा चिमूटभर गांडूळखत, किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव हिश्श्यानं पातळ केलेलं द्रवखत, इतकं पुरतं. पहिला उन्हाळा येईल तेव्हा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि खाली ओल्या वाळूचा थर द्या. एकटी, उघड्यावर ठेवलेली कुंडी लवकर सुकते.